गोळीचा धातू बदलला की काय काय बदलतं: शिसं, तांबं आणि मॅग्नम रायफल

माझा भाचा अमेरिकेत मोंटानाला नोकरी करतो. गेल्या हिवाळ्यात त्याने व्हॉट्सॲपवर दोन फोटो पाठवले. पहिल्यात तळहातावर तांब्याची एक गोळी होती. तिचं टोक चार पाकळ्यांत उमललेलं, प्रत्येक पाकळी बाहेर वळून मागे झुकलेली, बुंध्यावर नळीच्या पिळाचे तिरके ओरखडे. दुसऱ्या फोटोत तीच गोळी वजनकाट्यावर होती: 179 ग्रेन. झाडण्याआधी ती 180 ची होती. खाली प्रश्न: "मामा, तू आयुष्यभर लेथवर तांबं कातलंस. मग सांग, ही शिशाच्या गोळीपेक्षा एवढी लांब का? आणि माझा मित्र काडतुसं घरी भरतो, तो म्हणतो शिशाच्या गोळीमागे घालायच्या दारूचं माप हिला अजिबात लावायचं नाही. ते का?"

मी बेलापूरजवळच्या दिवाळे गावचा कोळी. वडील खाडीत पाग, म्हणजे फेकायचं गोल जाळं, टाकायचे, मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत टर्नर म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. त्यामुळे शिसं घरात पाहिलं आणि तांबं कामावर. शिकार मी कधी केली नाही, करणारही नाही. पण डेन्मार्कने एप्रिल 2024 पासून शिकारीच्या रायफलीत शिशाच्या गोळीला बंदी केली, कॅलिफोर्नियात ती 2019 पासूनच आहे, आणि आमच्या ग्रुपवर अशी बातमी आली की लोक विचारतात, "गोळी ती गोळी, धातूने काय फरक पडतो?" पुष्कळ फरक पडतो. भाच्याला जे लिहिलं तेच इथे जरा सविस्तर मांडतो.

काडतूस वेगळं, गोळी वेगळी

बोलताना आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो. खरं तर काडतुसात चार वस्तू असतात. पितळेची केस, तिच्या बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर, आत दारू, आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. घोडा दाबला की पिन प्रायमरवर आदळते, दारू पेटते, तिचा वायू होतो आणि गोळी नळीतून बाहेर पडते. केस मागे राहते. ती नीट केली की पुन्हा वापरता येते, म्हणूनच काडतुसं घरी भरण्याचा प्रकार निघाला.

मॅग्नम म्हणजे जास्त दारू मावेल असं मोठं काडतूस. मोंटानातल्या त्या मित्राकडे 300 विंचेस्टर मॅग्नम आहे, 1963 साली बाजारात आलेलं. गोळीची जाडी 7.8 मिलिमीटर, शाळेच्या पेन्सिलीहून जेमतेम जास्त. वजन 180 ग्रेन, म्हणजे पावणेबारा ग्रॅमच्या आसपास. ग्रेन हे जुनं माप आहे, एका ग्रॅममध्ये साधारण साडेपंधरा ग्रेन बसतात. एवढीशी गोळी सेकंदाला सुमारे 900 मीटर वेगाने निघते. तिच्यातली ऊर्जा म्हणजे सिमेंटची 50 किलोची गोणी तिसऱ्या मजल्यावरून खाली पडावी तेवढी.

शिसं एवढं लाडकं का होतं

कारण शिसं सगळ्यात गुणी विद्यार्थ्यासारखं वागतं. स्वस्त, जड, मऊ. 327 अंशांना वितळतं, म्हणजे चुलीवरसुद्धा.

हे मी घरी पाहिलं आहे. पागाच्या घेराला ओळीने शिशाचे मणी असतात, जाळं बुडावं म्हणून. पाग जुना झाला की वडील ते मणी काढून लोखंडी पळीत वितळवायचे. वर राखाडी साय धरायची. ती काडीने बाजूला सारली की खाली आरशासारखं चकचकीत शिसं दिसायचं. ते साच्यात ओतायचे आणि आम्ही भावंडं ओट्यावर बसून ते निवायची वाट पाहायचो. मणी दोरीवर पक्का बसावा म्हणून आम्ही तो दातांनी दाबायचो. शिसं अंगात साठतं, मुलांच्या मेंदूला ते सगळ्यात जास्त बाधतं, हे तेव्हा आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. पेट्रोलमधलं शिसं देशभरातून गेलं तेच 2000 साली.

शिकारीची नेहमीची गोळी म्हणजे शिशाचा गाभा आणि वर तांब्याच्या मिश्रधातूचं पातळ कवच. जनावराला लागली की मऊ शिसं पुढून पसरतं, अळंब्यासारखं. पसरल्यामुळे जखम मोठी होते आणि जनावर लगेच पडतं. जखमी होऊन पळालेलं जनावर दोन-दोन दिवस तडफडतं, म्हणून चांगल्या शिकाऱ्याला गोळी पसरणारीच हवी असते. शंभर-सव्वाशे वर्षं हे काम शिशाने केलं.

मग बिघडलं कुठे?

पसरताना शिशाचे तुकडे उडतात. जनावराचा एक्स-रे काढला तर जखमेच्या भोवती पांढरे ठिपके दिसतात. काही टाचणीच्या टोकाहून बारीक, काही जखमेपासून वीतभर लांब गेलेले. शिकारी जनावर जागेवरच साफ करतो, मांस घेऊन जातो, आतडी तिथेच टाकतो. ती गिधाडं आणि गरुड खातात.

हा रस्ता आपल्या ओळखीचा आहे. आपली गिधाडं अशीच गेली. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या गुराच्या अंगात उरायचं, गिधाडं ते खायची आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरायची. 2006 मध्ये जनावरांसाठीचं ते औषध बंद झालं, तोवर बहुतेक गिधाडं संपली होती. औषध चांगलं होतं, गुराला आराम पडायचा. जे मागे उरलं त्याने घात केला.

अमेरिकेत तशीच गोष्ट कॅलिफोर्निया कॉन्डॉर या प्रचंड गिधाडाची. 1987 साली शेवटचा जंगली कॉन्डॉर पकडून पिंजऱ्यात आणला तेव्हा जगात फक्त 27 उरले होते. पैदास करून 1992 पासून ते पुन्हा सोडले, आणि सोडलेल्यांच्या मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण निघालं शिसं. गिधाडाच्या पोटातलं आम्ल इतकं जहाल असतं की कुजलेलं मांस पचवतं, आणि तेच आम्ल शिशाचा कण विरघळवून रक्तात सोडतं. गरुडांचंही वेगळं नाही. 2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात 38 राज्यांतल्या 1,210 गरुडांचा अभ्यास छापून आला. जवळपास निम्म्या गरुडांच्या शरीरात शिसं दीर्घकाळ साठलेलं होतं.

माणसांचं काय? 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शिशाच्या गोळीने मारलेल्या 30 हरणांचं मांस खाटकाकडून नेहमीसारखं कापून आणि दळून घेतलं. 30 पैकी 24 हरणांच्या खिम्यात धातूचे कण निघाले. ते मांस डुकरांना खाऊ घातलं तर दोन-तीन दिवसांत त्यांच्या रक्तातलं शिसं वाढलं. डुकराची पचनसंस्था आपल्यासारखी असते, म्हणून डुक्कर.

तांब्याची गोळी लांब का?

आता भाच्याचा पहिला प्रश्न. एका घनसेंटिमीटर शिशाचं वजन 11.34 ग्रॅम, तांब्याचं 8.96. किलोभर साखर आणि किलोभर पोहे आणले तर पोह्यांची पिशवी मोठी, तसंच हे. वजन तेवढंच हवं आणि नळीमुळे जाडी वाढवता येत नाही, मग उरते फक्त लांबी. शुद्ध शिशाशी तुलना केली तर तांब्याची गोळी सव्वापट लांब. प्रत्यक्षात शिशाच्या गोळीलाही तांब्याचं कवच असतं, म्हणून फरक थोडा कमी पडतो, पण डोळ्यांना सहज दिसतो.

लांबी वाढली की अडचण सुरू होते. नळीच्या आतून गोल जिन्यासारखे पिळे कोरलेले असतात, ते गोळीला भोवऱ्यासारखं फिरवतात. भोवरा फिरतोय तोवर उभा राहतो. गोळीही फिरली तरच नाक पुढे ठेवून जाते, नाहीतर हवेत कोलांट्या खाते. 300 विंचेस्टर मॅग्नमच्या नेहमीच्या नळीत गोळी दर 10 इंचांना एक फेरी घेते. सेकंदाला 900 मीटर वेग धरला तर मिनिटाला दोन लाखांवर फेरे झाले. मी ज्या लेथवर काम केलं तो 2000 फेऱ्यांना गेला की फोरमन मागे येऊन उभा राहायचा.

गोळी जितकी लांब तितकं तिला जास्त फिरावं लागतं. 1879 साली ग्रीनहिल नावाच्या इंग्रज गणितज्ञाने याचं साधं सूत्र मांडलं, त्यात गोळीची लांबी आणि जाडी मुख्य आहे. म्हणजे शिशाची 200 ग्रेनची गोळी ज्या नळीतून सरळ जाते, तिथे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी डगमगू शकते. म्हणून तांब्याकडे वळणारा शिकारी एक पायरी हलकी गोळी घेतो. लोकांना वाटतं हलकी म्हणजे कमजोर. पण शिशाची गोळी लागल्यावर बराच भाग सांडते, कधीकधी तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त. तांब्याची जवळजवळ सगळी शाबूत राहते. तो 179 चा आकडा आठवा.

छत्री कधी उलटते?

शिसं मऊ, ते आपोआप पसरतं. तांबं चिवट. लेथवर ज्याने तांबं कातलं आहे त्याला विचारा. चिप तुटत नाही, लांबच लांब कुरळी दोरी होऊन टूलला गुंडाळते. असा धातू जनावराच्या अंगात कसा उमलेल?

म्हणून गोळीच्या नाकात मधोमध भोक पाडतात आणि आतल्या भिंतीला उभ्या चिरा देतात. गोळी शिरली की ओलं मांस त्या भोकात दाबलं जातं, दाब आतून भिंतींवर पडतो आणि चिरांवरून पाकळ्या उघडतात. काही गोळ्यांच्या नाकावर प्लॅस्टिकचं टोक असतं, ते पाचरीसारखं आत घुसून हेच काम लवकर सुरू करतं.

वाशीच्या खाडीपुलावर जुलैत छत्री घेऊन चाललेल्याला हे पटकन कळेल. साध्या वाऱ्यात छत्रीला काही होत नाही. एका ठरावीक जोरापुढे मात्र ती फटकन उलटी होते, अर्धवट काही नाही. तांब्याच्या गोळीचंही तसंच. वेग साधारण सेकंदाला 600 मीटरच्या खाली गेला की बऱ्याच तांब्याच्या गोळ्या नीट उघडत नाहीत. पेन्सिलीएवढं भोक पाडून आरपार जातात आणि जनावर जखमी होऊन पळतं. शिशाला एवढा वेग लागत नाही. मॅग्नम रायफल आणि तांब्याची गोळी यांची जोडी जमते ती इथे, कारण मॅग्नमचा वेग लांब अंतरावरही त्या रेषेच्या वर राहतो. आणि म्हणूनच तांब्याची गोळी वापरणाऱ्याने फार लांबून बार टाकू नये. ही मर्यादा मान्य नसलेल्याने जंगलात जाऊच नये, असं मला मनापासून वाटतं.

शिशाचं माप तांब्याला का चालत नाही?

भाच्याचा दुसरा प्रश्न, आणि सगळ्यात महत्त्वाचा. हे सांगण्याआधी एक स्पष्ट करतो. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. मी कृती सांगत नाही, त्यामागचं कारण सांगतो.

घरी भरणारा माणूस वापरलेली केस साच्यातून दाबून मूळ मापात आणतो, नवा प्रायमर बसवतो, दारू तोलून घालतो, वर गोळी दाबतो. तोलणं ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत असतं, म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढं. एवढी काळजी का, तर या काडतुसाच्या दाबाची मान्य मर्यादा आहे चौरस इंचाला 64,000 पौंड. मोटारीच्या चाकात आपण 32 भरतो. दोन हजार पट. आणि ते सगळं नेमबाजाच्या गालापासून वीतभर अंतरावर.

आता शिशाच्या 180 ग्रेन गोळीची दारू जशीच्या तशी तांब्याच्या 180 ग्रेन गोळीमागे घातली तर काय होईल? लांब गोळी केसमध्ये खोलवर बसते, आतली जागा कमी होते. तेवढीच दारू लहान डब्यात कोंडली की दाब लवकर चढतो. शिवाय गोळीला नळीच्या पिळ्यांत स्वतःला कोरून घेत पुढे जायचं असतं. शिशाचा गाभा आतून दबतो, कवचाला जागा करून देतो. भरीव तांबं दबत नाही, अडून बसतं. ती अडली की मागे वायू साठतो आणि दाब आणखी वाढतो. दोन्ही कारणं एकाच दिशेने ढकलतात.

गोळी बनवणाऱ्यांनी यावर उपाय काढला तो टर्नरच्या डोक्यातलाच आहे. गोळीच्या बुंध्यावर आडव्या खाचा कातायच्या. मग नळीला अख्खी गोळी घासत नाही, खाचांमधल्या कड्या घासतात, आणि दबलेल्या तांब्याला सरकायला खाचेत जागा मिळते. लाकडी दरवाजा पावसाळ्यात फुगला की सुतार सगळी कड रंधत नाही, घासतो तेवढीच जागा काढतो. तसंच.

तरीही प्रत्येक गोळीचं दारूच्या मापाचं कोष्टक वेगळं असतं. बनवणारी कंपनी ते छापते, आणि जाणता माणूस त्यातल्या कमाल मापाच्या बराच खाली सुरू करून थोडंथोडं वर जातो. प्रायमर चपटा झाला, नळी मागून बंद करणारा बोल्ट उघडायला जड गेला, केसच्या बुडावर चकचकीत ठसा उमटला की थांबतो. या खुणा दिसतात तोवर दाब हद्दीपर्यंत पोचलेला असू शकतो, म्हणून त्यांची वाट बघत बसायचं नसतं.

आणखी एक बारीक गोष्ट. गोळी केसमध्ये अशी बसवतात की तिच्यापुढे पिळे सुरू होईपर्यंत थोडी मोकळी जागा राहावी. तांब्याच्या गोळ्यांना ही जागा जास्त लागते, बऱ्याचदा सव्वा मिलिमीटरच्या आसपास. भरलेली हातगाडी उंबरठ्याला टेकवून ढकलून बघा, हलत नाही. चार पावलं मागे घेऊन आणा, अलगद चढते. त्या सव्वा मिलिमीटरमध्ये गोळीला तेवढी धाव मिळते. ही जागा पाव मिलिमीटरने बदलली तरी एकाच रायफलीचे बार जवळजवळ पडायचे ते विखुरतात, असं भाच्याचा मित्र सांगतो. माझा त्यावर विश्वास बसतो. मापात शतांश मिलिमीटर चुकलं म्हणून अख्खी पेटी परत आलेली मी पाहिली आहे.

"तांबंही विषारीच की!"

हो, मोरचूद बागेत फवारतो तो बुरशी मारायलाच. पण तांबं शरीराला थोडं लागतंच, आणि जास्तीचं तांबं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. शिशाचा शरीराला काहीही उपयोग नाही, ते हाडात जाऊन वर्षानुवर्षं बसतं. आणि तांब्याची गोळी सहसा फुटतच नाही, तर खाणार काय?

"शिकारच बंद करा, प्रश्नच मिटला"

आपण 1972 च्या वन्यजीव कायद्याने तेच केलं आणि मला ते योग्य वाटतं. पण अमेरिकेत अनेक भागांत लांडगे माणसाने संपवले, हरणं वाढली, आणि त्यांची संख्या परवाना देऊन, मोजून कमी केली जाते. हे पटो न पटो, शिकार चालू असेपर्यंत मागे शिसं उरू नये यात वाद नसावा.

महागाईचा मुद्दाही निघतो. तांब्याची गोळी महाग आहे खरी, पण शिकारी वर्षात जनावरावर दोन-चार बार टाकतो. नळीत तांब्याचा थरही जास्त चढू शकतो. तो उतरवायच्या औषधात कापड बुडवून नळीतून फिरवलं की निळं होऊन बाहेर येतं. देवाचा तांब्या चिंचेने घासणाऱ्या घरात याचं नवल वाटू नये.

आपल्या खाडीचं काय?

शिकारीची गोळी आपल्याकडे नाही. शिसं आहे. बदकं आणि रोहित पक्षी चिखल गाळून खातात, शिकाऱ्यांच्या बंदुकीतून पडलेले शिशाचे छर्रे खड्यांबरोबर गिळतात आणि पोटात ते दळले जातात. याच कारणासाठी अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे 1991 मध्ये बंद केले. सायप्रसमध्ये लार्नाकाच्या खाऱ्या तळ्यात रोहित पक्षी शिशाने मेले आहेत. इंग्लंडने 1987 मध्ये गळाची लहान शिसं विकायला बंदी केली, कारण राजहंस ती गिळून मरत होते. ठाणे खाडी 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, आणि त्याच खाडीत आमचे पाग पिढ्यान्‌पिढ्या मणी सांडत आले आहेत.

भाच्याला उत्तर लिहिल्यावर मी माळ्यावरून वडिलांचा पाग काढला. घेरावर कितीतरी ठिकाणी नुसती दोरी, मणी गेलेले. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन स्टेनलेस स्टीलचे मणी कातून आणले, जुन्याच मापाचे. दिवाळ्याच्या जेट्टीवर टाकून पाहिला. पाग फुलला छान, पण हळू बुडाला, आणि बोयटं मासळी घेर तळाला लागायच्या आत निसटली. साहजिक आहे, स्टीलचं वजन शिशाच्या जेमतेम सत्तर टक्के. आता दुसरा संच कातायला दिला आहे. जाडी वाढवली तर मणी जाळ्यात अडकतो, म्हणून जाडी तीच ठेवून लांबी दीडपट केली आहे.